विमानात खिडकी कुठली घ्यायची? बाहेरचं नीट दिसायला हवं असेल तर सीट निवडायचा क्रम

खिडकीची सीट घेतली म्हणजे बाहेरचं दिसेलच, या भरवशावर लोक जादा पैसे भरतात आणि मग मुंबई ते दिल्ली पांढऱ्या पंखाकडे बघत बसतात. किंवा खिडकी मोकळी मिळते, पण हिमालय पलीकडच्या बाजूला असतो आणि तिकडचा माणूस शटर ओढून झोपलेला असतो. चूक बहुतेक वेळा एकच असते. आधी सीट घेतली जाते आणि बाहेर काय दिसेल याचा विचार नंतर होतो. क्रम उलटा हवा. काय बघायचंय, विमान कुठून जातं, बाजू कुठली, ऊन कुठून येणार, रांग कुठली, आणि पैसे सगळ्यात शेवटी.

समजायला सोपं म्हणून मुख्य उदाहरण मुंबई–नागपूरचं घेतलंय. या मार्गावर काही दिसत नाही असं सगळे धरून चालतात, पण लोणारचं विवर दिसण्याची शक्यता असलेला हाच मार्ग आहे.

## १. काय बघायचंय ते आधी ठरवा

एका सीटवरून सगळं मिळत नाही. लांबची हिमशिखरं, खालचा भूभाग (धरणं, नद्या, घाट), उतरतानाचं शहर, किंवा सूर्यास्त आणि ढग, यातलं एक मुख्य धरा. बाकीचं दिसलं तर वरकमाई.

निवडताना दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली: ३५,००० फुटांवर, म्हणजे साधारण १०.७ किलोमीटर उंचीवर, क्षितिज जवळजवळ ३७० किलोमीटर लांब असतं. त्यामुळे हवा स्वच्छ असेल तर शंभर-दीडशे किलोमीटरवरची शिखरं आरामात दिसतात.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विमान ज्या ठिकाणाच्या बरोबर डोक्यावरून जातं, ते ठिकाण कुठल्याच खिडकीतून दिसत नाही. काचेला कपाळ टेकवलं तरी पोटाखालचा आठ-दहा किलोमीटरचा पट्टा झाकलेलाच राहतो. "विमान आमच्या गावावरून जातं" यात आनंद असेल, पण गाव दिसायचं तर ते मार्गापासून दहा ते चाळीस किलोमीटर बाजूला हवं.

## २. विमानाचा खरा मार्ग बघा

नकाशावर दोन शहरांमध्ये पट्टी ठेवून रेघ मारणं ही सुरुवात झाली. विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, ढग टाळायला वळतं, उतरताना रांगेत थांबतं. म्हणून:

१) तिकिटावरचा फ्लाइट नंबर घ्या. फक्त "मुंबई–नागपूर" एवढ्यावर थांबू नका. सकाळचं आणि रात्रीचं विमान वेगळ्या वाटेने येऊ शकतं.

२) फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचे मार्ग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर तो नंबर टाका. फ्लाइटरडार२४ वर मागच्या सात दिवसांच्या फेऱ्या फुकट बघता येतात.

३) एकच दिवस बघू नका, तीन-चार दिवसांचे मार्ग उघडा. सारखे आले तर भरवसा ठेवा. रोज वेगळे असतील तर त्यांतला सामाईक भाग कुठला ते बघा.

४) सुरुवातीची आणि शेवटची पंधरा मिनिटं मोठी करून बघा. विमान कुठल्या दिशेने उडालं, कुठून वळलं, कुठल्या बाजूने उतरलं. जवळून दिसण्यासारखं सगळं याच अर्ध्या तासात असतं.

मुंबई–नागपूरची सरळ रेघ काढली तर ती छत्रपती संभाजीनगरच्या जवळजवळ वरून जाते. म्हणजे ते शहर दिसणार नाही, ते पोटाखाली गेलं. पण जायकवाडीचा नाथसागर रेघेच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर राहतो आणि लोणार ३०-३५ किलोमीटरवर. उत्तरेला सुरुवातीला कळसूबाई-भंडारदरा आणि पुढे सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा. दक्षिण हवी की उत्तर, एवढाच प्रश्न उरतो.

सावधान: मार्ग कायमचे नसतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमानं गुजरात, अरबी समुद्रावरून वळली. दोन वर्षांपूर्वी मावसभावाने सांगितलेल्या बाजूवर जाऊ नका, या आठवड्याचा मार्ग बघा.

तपासा: मुंबईचं विमान सांताक्रूझहून आहे की नवी मुंबईहून? गोव्याचं दाबोळीला की मोपाला? चढ-उतारातली दृश्यं त्यावर पूर्ण बदलतात.

## ३. डावं की उजवं

सीटच्या अक्षरांचं गणित सोपं आहे. विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसलात की डाव्या खिडकीला 'ए'. उजव्या खिडकीला देशांतर्गत विमानांत बहुतेक ठिकाणी 'एफ', मोठ्या रुंद विमानांत 'के' किंवा 'एल'.

घोळ दोन ठिकाणी होतो.

पहिला नकाशावर. फोनमधल्या नकाशात उत्तर वर असते. उत्तरेला जाणाऱ्या विमानासाठी नकाशाची डावी बाजू ती तुमची डावी, इथपर्यंत ठीक. पण मुंबईहून गोव्याला, म्हणजे दक्षिणेला जाताना सगळं उलटतं. नकाशात समुद्र डावीकडे दिसतो, विमानात तो उजवीकडे येतो. उपाय एकच: दोन बोटांनी नकाशा फिरवा, जायची दिशा वर आणा, मग डावं-उजवं ठरवा. मनातल्या मनात फिरवायला जाऊ नका. हुशार माणसंही तिथे फसतात.

दुसरा घोळ विमानात शिरताना. पुढच्या दाराने आत येऊन मागे चालत जाताना तुमचं तोंड शेपटीकडे असतं, त्यामुळे 'ए' तुमच्या उजव्या हाताला येते. गडबडीत चुकीच्या बाजूला बसलेली मंडळी मग "हीच आमची" म्हणून वाद घालतात.

धावपट्टीच्या आकड्यावरून उतरतानाची बाजूही काढता येते. आकड्यापुढे शून्य लावलं की अंशांत दिशा मिळते. मुंबईच्या सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीची नावं ०९ आणि २७. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून वर्षातला बराच काळ विमानं २७ वरूनच उडतात आणि उतरतात. यावरून:

- २७ वर उतरताना विमान पूर्वेकडून, ठाणे खाडी ओलांडून घाटकोपरवरून येतं. उजवीकडे म्हणजे उत्तरेला पवई तलाव, त्यामागे विहार आणि राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. डावीकडे खाडी, वाशीचा पूल, ट्रॉम्बेची टेकडी.
- २७ वरून उडताना काही सेकंदांत जुहूचा किनारा ओलांडून समुद्रावर. डावीकडे वांद्रे-वरळी सी लिंक आणि दक्षिण मुंबई, उजवीकडे वर्सोवा आणि मढ.
- विमान डावीकडे वळतं तेव्हा डावा पंख खाली जातो. त्या अर्ध्या मिनिटात 'ए' वाल्यांना जमीन दिसते आणि 'एफ' वाल्यांना आभाळ.

मुख्य धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद असली की १४/३२ ही आडवी धावपट्टी वापरतात, तेव्हा हे सगळं गणित मोडतं. म्हणून मागचे तीन-चार दिवस बघायचे.

नागपूरला जाताना तोंड पूर्व-ईशान्येला, म्हणून दक्षिण उजवीकडे. नाथसागर आणि लोणार हवं तर 'एफ', कळसूबाई आणि अजिंठ्याच्या रांगा हव्या तर 'ए'.

## ४. ऊन कुठून येणार

बाजू बरोबर निवडूनही निराशा होते ती इथे. सूर्याच्या बाजूची खिडकी घेतली की काचेवरचे ओरखडे चमकतात, धुरकटपणा पांढरा पडदा होऊन बसतो आणि डोळे मिटून घ्यावे लागतात. जमीन किंवा डोंगर बघायचे असतील तर सूर्य तुमच्या पाठीमागे, म्हणजे विमानाच्या पलीकडच्या बाजूला हवा.

ढोबळ नियम: सकाळी पश्चिमेकडची खिडकी, संध्याकाळी पूर्वेकडची. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडची खिडकी जवळजवळ कधीही चालते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, तेव्हा भर दुपारी बाजूने फारसा फरक पडत नाही.

लोणारची अडचण तुमच्या लक्षात आली असेल. ते दक्षिणेला आहे, म्हणजे हिवाळ्यात ऊन डोळ्यांवर. डिसेंबरच्या सकाळच्या विमानात 'एफ' घेतलीत तर सूर्य उजवीकडे पुढून येईल आणि अर्धा वेळ हात आडवा धरून बसाल. माझं मत असं: लोणारसाठी ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्चमधलं दुपारी बारा ते दोनचं विमान घ्या. सूर्य बराच वर असतो आणि पावसानंतरच्या ऑक्टोबरात हवाही धुतलेली असते. थोडं ऊन समोर आलं तरी एक फायदा होतो: उन्हाच्या दिशेने बघताना पाणी चमकतं, त्यामुळे तळी आणि धरणं पटकन सापडतात.

विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. तीस-पस्तीस किलोमीटरवरून, हात लांब करून मापलं तर ते जेमतेम दीड बोट रुंद दिसतं. आजूबाजूचे पाझर तलाव वेडेवाकडे, एका बाजूला बांधाची सरळ रेघ असलेले. लोणार गोल, कडेला गडद झाडीचं कडं. नाथसागर टेकऑफनंतर अर्ध्या तासाच्या आसपास येतो, लोणार चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी. नेमका तेव्हाच चहा-सँडविचचा ट्रे पुढ्यात असतो, तेव्हा खाणं लवकर आटपा.

सूर्याच्या विरुद्ध बाजूचा आणखी एक लाभ. खाली ढगांचा सपाट थर असेल तर विमानाची सावली त्यावर पडते आणि तिच्याभोवती रंगीत कडं दिसतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून ज्या इंद्रवज्रासाठी लोक पावसाळ्यात ताटकळतात तेच हे, आणि विमानात ते बऱ्यापैकी सहज सापडतं. सूर्याच्या बाजूला बसलेल्यांना ते दिसूच शकत नाही.

अपवाद: सूर्यास्तच बघायचा असेल तर अर्थातच सूर्याची बाजू. त्या दिवशीची सूर्यास्ताची वेळ आणि विमानाची वेळ ताडून बघा. उंचीवर सूर्य जमिनीपेक्षा काही मिनिटं उशिरा मावळतो.

तपासा: चौथी पायरी आणि तिसरी एकमेकांविरुद्ध जात असतील तर विमानाची वेळ बदलता येते का बघा. बाजू बदलून भागत नाही, कारण लोणार काही उत्तरेला येणार नाही.

## ५. रांग

आता कुठे सीटमॅप उघडायचा. विमान कुठलं, ते बुकिंगवर लिहिलेलं असतं.

एअरबस ए३२० (३० च्या आसपास रांगा): पंख साधारण नवव्या रांगेपासून विसाव्यापर्यंत खालचं झाकतो. पहिल्या सात रांगा उत्तम, फार तर इंजिनाचं तोंड कोपऱ्यात येतं. बाविसाव्या रांगेच्या मागेही खाली मोकळं दिसतं, पण इंजिनाच्या गरम झोतामुळे पुढच्या दिशेचं दृश्य थरथरतं. नुसतं बघायला चालतं, फोटो बिघडतात.

एअरबस ए३२१: लांब विमान, पंख मागे सरकलेला. पहिल्या आठ-दहा रांगा मोकळ्या मिळतात.

बोइंग ७३७: ए३२० सारखाच हिशोब, पण एक खोड आहे. पंखाच्या थोडं पुढे, दहा ते बाराच्या आसपास एखाद्या रांगेत खिडकीच नसते, तिथून वातानुकूलनाची नळी वर जाते. सीटमॅपवर ती "विंडो" म्हणूनच विकली जाते. पैसे भरून भिंत मिळते.

एटीआर ७२: पंख छताच्या वर. त्यामुळे कुठल्याही रांगेतून खाली मोकळं दिसतं. पुढच्या भागात फिरता पंखा नजरेत येतो आणि आवाजही तिथे जास्त, म्हणून मागच्या निम्म्या रांगा घ्या. वर सूर्यास्ताचे ढग बघायचे असतील तर मात्र पंख आडवा येतो. ही विमानं २५,००० फुटांच्या खालूनच उडतात, त्यामुळे घाटरस्त्यांची वळणंसुद्धा ओळखू येतात. भूभाग बघायला माझी पहिली पसंती एटीआरलाच. लोक त्याला "छोटं विमान" म्हणून नाकं मुरडतात, तो त्यांचा तोटा.

सावधान, सगळ्यात महाग चूक: आपत्कालीन दाराजवळची सीट. पाय पसरायला जागा म्हणून ती जादा पैशांत विकतात, पण ए३२० आणि ७३७ मध्ये ती पंखाच्या बरोबर वर असते. नजाऱ्यासाठी ती घेऊ नका. पहिल्या रांगेत दृश्य छान, पण बॅग वर टाकावी लागते. कॅमेरा गळ्यात घालूनच बसा.

रांग पक्की झाली की एअरोलोपा या सीटचे आराखडे देणाऱ्या संकेतस्थळावर त्या कंपनीचं ते विमान उघडा. तिथल्या आराखड्यात खिडक्या कुठे आहेत ते सीटशी ताडून दाखवलेलं असतं. कंपनीच्या स्वतःच्या सीटमॅपवर सगळ्या खिडक्या सारख्याच वाटतात, प्रत्यक्षात काही सीटांना खिडकी खांद्याच्या मागे येते आणि दीड तास मान वळवून बसावं लागतं.

## नेहमीच्या काही मार्गांवर

वरची पद्धत एकदा जमली की यादी लागत नाही, तरी हे मार्ग वारंवार विचारले जातात.

मुंबई–गोवा. सरळ रेघ कोकण किनाऱ्याला जवळजवळ चिकटून, किंचित आतल्या बाजूने जाते. त्यामुळे जाताना किनारा उजवीकडे, सह्याद्री डावीकडे. सकाळच्या विमानात 'एफ' घ्या: ऊन पाठीशी आणि खाली खाड्यांची मुखं एकामागून एक. संध्याकाळी तीच बाजू डोळे दिपवते, तेव्हा 'ए' घेऊन सह्याद्रीच्या कड्यांवर पडलेलं तिरपं ऊन बघा. पण किनारा मार्गाला इतका चिकटून आहे की विमान पाच-दहा किलोमीटर सरकलं तरी तो पोटाखाली किंवा पलीकडे जातो. इथे दुसरी पायरी टाळलीत तर नुसता जुगार आहे. दाबोळीला पूर्वेकडून उतरलं तर उजवीकडे झुआरी नदी आणि पूल, डावीकडे दक्षिण गोव्याची लांबच लांब पुळण.

पुणे–गोवा (मोपा), एटीआर असेल तर. जाताना 'एफ'. कोयनेचा शिवसागर आणि महाबळेश्वरचं पठार उजवीकडे. सकाळचं विमान असेल तर प्रश्नच नाही.

दिल्ली–लेह. विमान जवळजवळ सरळ उत्तरेला जातं, दोन्ही बाजूंना डोंगर. लेहची विमानं मुख्यतः सकाळी असतात, म्हणजे ऊन पूर्वेकडून, उजव्या खिडकीवर. म्हणून जाताना 'ए', डावीकडे झंस्करच्या रांगा आणि नुन-कुनची जोडी (७,१३५ आणि ७,०७७ मीटर). उतरताना विमान सिंधूच्या खोऱ्यात पश्चिमेकडून शिरतं, तेव्हा स्टोकची रांग उजवीकडे येते. तेवढ्यासाठी अख्ख्या प्रवासाची बाजू बदलू नका.

दिल्ली–बागडोगरा, दिल्ली–गुवाहाटी. जाताना 'ए', डोळे झाकून. हिमालय उत्तरेला, हिवाळ्यातलं ऊन दक्षिणेला, म्हणजे शिखरांवर समोरून उजेड. आधी धवलगिरी-अन्नपूर्णा, मग एव्हरेस्ट (८,८४८.८६ मीटर), शेवटी कांचनगंगा (८,५८६ मीटर). सगळ्यात भव्य दिसणारं शिखर म्हणजे एव्हरेस्ट, असं समजून लोक कांचनगंगेचे फोटो पाठवतात. ती जवळ असते म्हणून मोठी दिसते. एव्हरेस्ट दक्षिणेकडून ल्होत्से-नुप्त्सेच्या भिंतीमागून डोकावणारा गडद त्रिकोण दिसतो, शेजारी मकालू. मुंबई–बागडोगरा थेट विमानात मात्र हिमालय शेवटच्या अर्ध्या तासातच डावीकडे येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. जानेवारीत गंगेच्या मैदानावर धुकं असलं तरी शिखरं त्याच्या वर असतात, बिघडत नाही.

दिल्ली–काठमांडू. तोच न्याय, जाताना डावीकडे.

## ६. सीट प्रत्यक्ष घेणं

बुकिंग करतानाच पैसे भरून सीट घ्यायची की वेब चेक-इनची वाट बघायची? लेह आणि बागडोगरासाठी लगेच भरा, तिथे बरोबरच्या बाजूच्या खिडक्या आधी संपतात. मुंबई–नागपूरसारख्या मार्गावर थांबायला हरकत नाही. वेब चेक-इन देशांतर्गत विमानांना बहुतेक कंपन्या ४८ तास आधी उघडतात. ती वेळ फोनमध्ये गजर लावून गाठा.

या क्रमाने करा:

१) कागदावर किंवा फोनवर दोन-तीन पर्याय लिहून ठेवा: "४-एफ, नाहीतर ६-एफ, नाहीतर २४-एफ". सीटमॅपसमोर बसून विचार करायला लागलात की घाईत 'ए' दाबली जाते.

२) बाजू सोडू नका, रांग सोडा. मागची मोकळी 'एफ' ही पुढच्या चुकीच्या 'ए' पेक्षा केव्हाही बरी.

३) कुटुंब असेल तर तिघांना एका रांगेत न बसवता खिडकीच्या सीटा एकामागे एक घ्या, ५-एफ, ६-एफ, ७-एफ. लहान मूल असेल तर अर्थात ते मोठ्यांच्या शेजारीच.

४) प्रवासाच्या आदल्या दिवशी पीएनआर टाकून पुन्हा बघा. ए३२० च्या जागी ए३२१ लागलं की सीट नंबर तोच राहतो, पंख मात्र हललेला असतो. कधी कधी सीट आपोआप बदलूनही टाकतात.

तपासा: बोर्डिंग पासवरचं अक्षर. नंबर सगळे बघतात, अक्षर राहून जातं.

विमानात कुणी "काका, जरा बदलता का, आम्ही दोघं एकत्र आहोत" म्हणालं तर एकच प्रश्न विचारा: बदल्यात खिडकी, आणि तीही याच बाजूची आहे का? नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. पैसे भरलेत, संकोच कशाला.

## ७. विमानात बसल्यावर

आतली काच आधी पुसा. मागच्या प्रवाशाच्या कपाळाचा तेलकट ठसा हमखास असतो. चष्म्याचं कोरडं फडकं पुरतं. बाहेरच्या काचेवरचे ओरखडे तुमच्या हातात नाहीत. खिडकीच्या तळाशी बारीक भोक दिसेल, ते दाब सारखा ठेवण्यासाठी असतं आणि त्याच्याभोवती बर्फाच्या कळ्या धरतात. फोटो त्याच्या वरच्या भागातून घ्या.

विमान मोड लावल्यावरही फोनचं जीपीएस चालतं, खिडकीला धरलं तर उपग्रह सापडतात. त्यासाठी तो भाग घरूनच ऑफलाइन नकाशा म्हणून उतरवून ठेवा. "खाली दिसतंय ते धरण कुठलं" याचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं. ही एक गोष्ट केलीत तरी अर्धी मजा वाढते, आणि ती नेमकी विमानतळावर पोचल्यावर आठवते, जेव्हा नेट रखडत असतं.

फोटोसाठी: फ्लॅश बंद, कॅमेरा काचेच्या अगदी जवळ पण टेकवायचा नाही, टेकवला की इंजिनाची थरथर उतरते. गडद रंगाचा शर्ट घाला, पांढऱ्याचं प्रतिबिंब काचेत पडतं. पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, विमानाच्या खिडकीतून तो इंद्रधनुषी पट्टे दाखवतो. दृश्य सुरू झालं की आधी डोळ्यांनी बघून घ्या, फोनमध्ये डोकं घालाल तेवढ्यात शिखर मागे गेलेलं असतं.

सावधान, कायद्याचा भाग: पुणे, दाबोळी, लेह, श्रीनगर, बागडोगरा, पोर्ट ब्लेअर हे विमानतळ संरक्षण दलांचे आहेत. तिथे जमिनीवर असताना, उडताना आणि उतरताना फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत. मे २०२५ मध्ये डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) अशा विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेकडच्या, १०,००० फुटांपर्यंत खिडक्यांची शटरं बंद ठेवायचा आदेशही दिला होता. असे आदेश येतात-जातात, त्या दिवशी क्रू जे सांगेल ते ऐका. लेहला शटर बंद करायला लावलं तर शेवटची दहा मिनिटं गेली असं समजा. झंस्कर त्याआधीच बघून झालेला असतो.

## ८. परतीचं तिकीट

जाताना 'ए' तर येताना 'एफ', इथवर सगळे येतात आणि थांबतात. पण परतीचं विमान बहुतेक दिवसाच्या वेगळ्या वेळी असतं, तेव्हा ऊनही हललेलं असतं. गोव्याहून संध्याकाळी परतताना किनारा डावीकडे खरा, पण सूर्यही डावीकडेच. किनारा नीट बघायचा असेल तर परतीचं विमान सकाळचं घ्या. संध्याकाळचंच असेल तर 'एफ' घेऊन सह्याद्री बघा, किंवा 'ए' घेऊन समुद्रावरचा सूर्यास्त. लेहहून येतानाही विमान सकाळीच असतं आणि तोंड दक्षिणेला, म्हणून ऊन डावीकडे आणि झंस्कर उजवीकडे: 'एफ'.

दुसरं, परतीच्या विमानाचा फ्लाइट नंबर वेगळा असतो, कधी विमानाचा प्रकारही. त्यासाठी दुसरी आणि पाचवी पायरी पुन्हा करा. जातानाच्या सीटच्या समोरची सीट दाबून मोकळं व्हायचं नाही. आणि परतीचं वेब चेक-इन उघडतं तेव्हा तुम्ही सहलीत असता, नेट नसलेल्या कुठल्या तरी खोऱ्यात. लेहच्या प्रवासात हे हमखास होतं, म्हणून परतीच्या सीटचे पैसे निघण्याआधी घरूनच भरून टाका.